समुपदेशनातला 'उपदेश' बाजूला ठेवा: काउन्सेलरकडे पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

आमच्या कामाचं मराठी नावच आमच्या आडवं येतं. समुपदेशन. नुसतं ऐकलं तरी वाटतं समोर कुणीतरी चष्मा सावरून बसलंय आणि आता पंधरा मिनिटं मान खाली घालून ऐकायचंय. त्यात पेपरवाल्यांची भर, "विनाहेल्मेट दुचाकीस्वारांचे पोलिसांनी समुपदेशन केले" अशी बातमी महिन्यातून एकदा तरी असतेच, म्हणजे काय तर झापलं आणि सोडून दिलं. बरं इंग्रजी शब्द वापरावा तर जून-जुलैमध्ये फोन सुरू होतात, "मॅडम नीटचं काउन्सेलिंग तुमच्याकडे होतं का, प्रेफरन्स फॉर्म भरून द्याल का?" एका काकांना मी दहा मिनिटं समजावून सांगितलं की इथे ॲडमिशनचं काही होत नाही, सगळं ऐकून घेऊन ते म्हणाले, बरं मग पोराला जरा चार गोष्टी तरी सांगा.

तर चार गोष्टी सांगणं हे आमचं काम नाहीये. चार गोष्टी सांगायला घरात, सोसायटीत आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर माणसं कमी नाहीत. मी नऊ वर्षं नाशिकमध्ये हे काम करतेय, त्याआधी शाळेत शिक्षिका होते, आणि पहिल्यांदा येणारी दहातली आठ माणसं काय घडणार याची चुकीची कल्पना घेऊन येतात असा माझा अनुभव आहे. मग पहिलं सेशन ती कल्पना उतरवण्यातच जातं, तुमचे पैसे जातात, म्हणून हे सगळं एकदा लिहूनच टाकते.

आधी हे नक्की असतं काय

दोन माणसं, ठरलेली वेळ, ठरलेली फी, बंद दार, आणि त्या पाऊण तासात विषय फक्त एकाच माणसाचा. बाहेरून बघितलं तर एवढंच दिसतं. मैत्रिणीशी बोलणं वेगळं का, असं सगळेच विचारतात. मैत्रिणीला तुम्ही नवऱ्याबद्दल सांगायला लागलात की सातव्या मिनिटाला ती म्हणते "अगं आमच्याकडे पण अगदी असंच", आणि मग तिचं सुरू होतं, त्यात तिची काही चूक नाही, मैत्री अशीच असते, देवाणघेवाणीची. काउन्सेलिंगमध्ये देवाणघेवाण नसते. काउन्सेलरचा नवरा कसा आहे हे तुम्हाला कळायची गरज नाही आणि कळलं तर काहीतरी गडबड आहे. आणि दुसरा फरक म्हणजे हे नातं मुळात संपण्यासाठीच सुरू होतं, तुम्ही कायम येत राहावं हा हेतूच नाही.

"पण मला काय वेड लागलंय का?" हा पुढचा प्रश्न. आपल्याकडे चेष्टेत सुद्धा "याला येरवड्याला पाठवा" म्हणतात, ठाणेकर स्वतःच्याच गावाचं नाव घेतात, त्यामुळे मनाचं काहीही म्हटलं की डोळ्यासमोर तीच भिंत येते. गंमत म्हणजे या पेशाची सुरुवात वेडाच्या इस्पितळात झालीच नाही. १९०८ मध्ये अमेरिकेत बोस्टनला फ्रँक पार्सन्स नावाच्या माणसाने तरुण पोरांना कुठलं काम जमेल हे शोधायला मदत करणारं एक ऑफिस उघडलं, तिथून हे वाढलं. त्याचं म्हणणं साधं होतं, आधी स्वतःला नीट ओळखा, मग कामांची माहिती घ्या, मग दोन्हीचा मेळ घाला. पुढे कार्ल रॉजर्स आला, त्याने तर समोरच्याला पेशंट म्हणणंच सोडलं, क्लायंट म्हणायला लागला, कारण पेशंट म्हटलं की बरं करणारा वेगळा आणि बरा होणारा वेगळा असं होतं. १९५७ च्या त्याच्या एका लेखात बदल घडायला काय काय लागतं हे मांडलंय, त्यातल्या तीन गोष्टी काउन्सेलरने आणायच्या असतात: समोरच्याच्या जागी उभं राहून समजून घेणं, अटी न घालता स्वीकारणं, आणि स्वतः खोटं न वागणं. आम्हाला कॉलेजात हे पाठ करायला लावतात. पाठ व्हायला पाच मिनिटं लागतात, जमायला किती लागतात ते विचारू नका.

माझीच गोष्ट, कारण दुसऱ्या कुणाची सांगता येत नाही

इथे क्लायंटचे किस्से लिहिणार नाही, नाव-गाव बदलून सुद्धा नाही, आपलं गाव लहान आहे, लोक ओळखतात. म्हणून मी स्वतः क्लायंट होते तेव्हाचं सांगते.

बाबा गेले त्यानंतर साधारण दोन महिन्यांनी माझं डोकं दुखायला लागलं, रोज सकाळी डबा भरताना हात थरथरायचे, एकदा वरणाचा डबा ओट्यावर सांडला आणि मी तिथेच खाली बसून रडले, म्हणजे वरण सांडलं म्हणून. घरच्यांनी एका बाईंचं नाव सुचवलं. त्यांच्याकडे गेले. बाराव्या मिनिटाला त्यांनी मला विपश्यनेला जायला सांगितलं, नोकरीतून ब्रेक घ्या म्हणाल्या, आणि त्यांचे वडील गेले तेव्हा त्यांनी स्वतःला कसं सावरलं ते सविस्तर सांगितलं. मी पण हो हो केलं. पुढच्या आठवड्यात माझ्या चुलत नणंदेचा फोन, "अगं तू तिथे फार रडलीस म्हणे?" नाव सुचवणारी तीच होती. त्यानंतर सात महिने मी कुणाकडे गेले नाही, झंडू बाम आणि क्रोसिनवर काढले.

दुसऱ्या ज्या होत्या त्यांची खोली एका टेलरच्या दुकानाच्या वर होती, खाली मशीनचा आवाज चालू. त्यांनी आधी एक कागद दिला, मी नेहमीसारखी शेवटच्या पानावर सही करायला गेले तर म्हणाल्या "वाचा ना, घाई नाही". त्यात लिहिलं होतं की इथे बोललेलं कुणाला सांगितलं जाणार नाही, आणि कुठल्या परिस्थितीत सांगावं लागेल ते पण लिहिलं होतं, फी, वेळ, सेशन रद्द करायचं तर किती आधी कळवायचं, सगळं. मग मी वीस मिनिटं डोकेदुखीबद्दल बोलले. आईबद्दल बोलले. शाळेच्या हेडबाईंबद्दल तर फारच बोलले. त्या ऐकत होत्या, मधे मधे मी म्हटलेलंच थोडक्यात परत म्हणत होत्या, मला वाटलं हे काय, पोपटासारखं. मग त्या म्हणाल्या, "बाबांचा विषय आला की तुम्ही दुसरीकडे वळताय असं मला वाटलं. माझं चुकत असेल."

मला राग आला. म्हटलं नाही, तसं काही नाही. त्या काहीच बोलल्या नाहीत. खालची मशीन थांबली होती, तेवढ्यात परत सुरू झाली. मग मी सांगितलं, जे तोपर्यंत नवऱ्याला पण सांगितलं नव्हतं, की बाबांचा शेवटचा फोन मी कट केला होता. शाळेची तपासणी चालू होती, साहेब वर्गात मागच्या बाकावर बसले होते.

आता इथे कुणीही चांगलं माणूस म्हणेल, अहो तुमची काय चूक, तुम्हाला थोडंच माहीत होतं. त्या तसं म्हणाल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "फोन वाजला तेव्हा फळ्यावर काय होतं?" अपूर्णांक होते. तीन छेद चार. आणि ते सांगताना मला जे रडू फुटलं ते वरणावरचं रडू नव्हतं.

तुमची चूक नाही असं पटकन म्हटलं की विषय बंद होतो. माणूस "हो ना" म्हणतो आणि ते ओझं तसंच परत घरी घेऊन जातो. धीर देणं आणि ऐकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मला तिथे कळलं आणि खरं सांगायचं तर काउन्सेलिंगच्या कोर्सला ॲडमिशन घ्यायचं मी पुढच्या वर्षी ठरवलं त्याचं कारण तो फळ्याचा प्रश्न आहे.

कुणाकडे जायचं ते कसं ठरवायचं

तीन प्रकारची माणसं आहेत आणि लोक तिघांनाही 'मानसोपचारवाला' म्हणतात. सायकॅट्रिस्ट हे डॉक्टर असतात, एमबीबीएस करून पुढे मनोविकाराचं शिक्षण घेतलेले, गोळ्या तेच लिहून देऊ शकतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट हे डॉक्टर नसतात पण आजार तपासण्याचं, टेस्ट घेण्याचं, थेरपी करण्याचं वेगळं शिक्षण घेतलेलं असतं आणि त्यांची नोंदणी आरसीआयकडे, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, नंबर मिळतो, तो विचारता येतो आणि वेबसाइटवर बघता येतो. तिसरे आम्ही, काउन्सेलर, बहुतेक जण सायकॉलॉजी किंवा समाजकार्यात एमए-एमएसडब्ल्यू आणि वर काउन्सेलिंगचा कोर्स केलेले. आणि इथेच मोठी पळवाट आहे, कारण नुसतं 'काउन्सेलर' असा बोर्ड लावायला इतकी वर्षं क्लिनिकल सायकॉलॉजिस्टसारखं बंधन नव्हतं. २०२१ मध्ये संलग्न आरोग्य व्यावसायिकांचा कायदा झाला त्यात समुपदेशकही धरलेत, पण तुमच्या गल्लीतल्या बोर्डामागे कोण बसलंय हे तुम्हालाच विचारून घ्यायचंय. विचारा. शिक्षण काय, कुठून, प्रत्यक्ष क्लायंटबरोबर किती वर्षं काम केलं, आणि तुमचं काम कुणी सीनियर तपासतं का. चांगल्या माणसाला या प्रश्नांचा राग येत नाही. दोन दिवसांचं वर्कशॉप करून लाइफ कोच झालेल्यांना येतो.

तुमचा प्रश्न नात्यातल्या भांडणाचा असेल, नोकरी-करिअरचा, घटस्फोटाचा, कुणी गेल्याचं दुःख, परीक्षेचं टेन्शन, निर्णय होत नाहीये असं काही, तर काउन्सेलरपासून सुरुवात करायला हरकत नाही. पण कानात आवाज येतात, चार-चार रात्री झोप नाही, कुणीतरी मागे लागलंय असं वाटतं, जेवण तुटलंय, अंथरुणातून उठवत नाही असं आठवडे चाललंय, तर आधी सायकॅट्रिस्ट. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो, तिथे जा, कुणी हसत नाही. आणि अजून एक, थकवा आणि उदासी असेल तर थायरॉइड आणि बी-ट्वेल्व्ह तपासून घ्या. मी हे सगळ्यांना सांगते. थायरॉइड कमी असेल तरी माणूस हुबेहूब उदास दिसतो, आणि ज्याला गोळीची गरज आहे त्याच्याशी बालपणाबद्दल तीन महिने बोलत बसणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

व्यसनाचा प्रश्न असेल तर तो वेगळा रस्ता आहे, पुण्यात मुक्तांगण १९८६ पासून तेच काम करतंय, तिथे घरच्यांसाठी पण मदत असते. ठाण्याची आयपीएच, म्हणजे इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ, ही सायकॅट्रिस्ट डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० मध्ये सुरू केलेली संस्था, तिच्यामुळे आपल्याकडे मनाच्या आरोग्याबद्दल मराठीत बोलायची सवय लागली असं मला वाटतं.

आणि जीव द्यावासा वाटत असेल तर हे पुढचं वाचत बसू नका. १४४१६ लावा. टेलिमानस, सरकारी हेल्पलाइन आहे, १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. घरातलं कुणी तसं बोलत असेल तर सरळ विचारा, "तुझ्या मनात मरायचे विचार येतात का?" विचारल्याने विचार डोक्यात घातला जात नाही, उलट बहुतेकांना सुटल्यासारखं वाटतं. पोलीस केसच्या भीतीने पण लोक दडवतात. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा आहे, २९ मे २०१८ पासून लागू, त्याच्या ११५ कलमात म्हटलंय की आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस प्रचंड ताणाखाली होता असंच धरायचं, वेगळं सिद्ध होत नाही तोपर्यंत, आणि त्याला शिक्षा नाही तर उपचार द्यायची जबाबदारी सरकारची.

ध्येय कुणाचं

पहिल्या एक-दोन सेशनमध्ये काउन्सेलर विचारतो, इथून तुम्हाला काय हवंय. मी म्हटलं होतं, "मला पूर्वीसारखं व्हायचंय". टेलरच्या वरच्या त्या बाई म्हणाल्या, "पूर्वीसारखं म्हणजे सोमवारी सकाळी साडेसहाला तुमच्या स्वयंपाकघरात काय वेगळं दिसेल?" मी विचार करून म्हटलं, डबा भरताना हात थरथरणार नाहीत, आणि आईने बाबांचा विषय काढला तर मी उठून जाणार नाही. हे झालं ध्येय. 'सुखी व्हायचंय', 'कॉन्फिडन्स वाढवायचाय', 'पॉझिटिव्ह राहायचंय' ही ध्येयं नाहीत, ती लग्नपत्रिकेतली वाक्यं आहेत, त्यांच्यावर काम करता येत नाही. जे डोळ्यांना दिसेल, मोजता येईल, आणि तुमच्या हातात असेल ते.

तुमच्या हातात हा भाग लोकांना सगळ्यात जड जातो. "सासूबाईंनी बदलावं" हे ध्येय होऊ शकत नाही कारण सासूबाई खुर्चीत नाहीयेत. सासूबाई टोमणा मारतात तेव्हा मी काय करते, ते बदलता येतं. तसंच आईबाबा मुलाला घेऊन येतात आणि म्हणतात याला अभ्यासाला बसवा. मी मुलाला एकट्याला विचारते तुला काय हवंय. कधी तो म्हणतो मला फक्त रात्री जेवताना मार्कांचा विषय नकोय. मग काम त्याच्यावर होतं, आणि आईबाबांना पण एखाद्या सेशनला बोलवावं लागतं, त्यांना ते आवडत नाही, पैसे आम्ही भरतोय म्हणतात. पैसे कुणीही भरो, क्लायंट जो खुर्चीत बसलाय तो.

शेवटी मोठं ध्येय म्हणाल तर एकच, की पुढचा प्रश्न आला तर तुम्हाला माझ्याकडे यावं लागू नये. निर्णय मी घेऊन दिला तर पुढच्या निर्णयालाही तुम्ही माझ्या दारात. म्हणूनच "मॅडम तुम्हीच सांगा, डिव्होर्स घेऊ का नको?" याला उत्तर मिळत नाही, कितीही वेळा विचारलं तरी. मी टाळत नसते, हो. घेतला तर काय, नाही घेतला तर काय, पैशाचं काय, मुलांचं काय, माहेरी किती दिवस चालेल, हे सगळं आपण कागदावर मांडतो, सही तुमची.

होमवर्क पण मिळतं, घाबरू नका. आरईबीटी, म्हणजे रॅशनल इमोटिव्ह बिहेवियर थेरपी, म्हणून एक पद्धत आहे, अल्बर्ट एलिसने १९५५ च्या सुमारास काढलेली, आपल्याकडे कि. मो. फडक्यांनी ती मराठीत रुजवली. त्यात माणसाच्या हट्टी मागण्या शोधतात आणि मराठीला त्यासाठी एक अक्षर पुरतं, 'च'. त्याने माझं ऐकलंच पाहिजे. मला पहिलाच नंबर मिळाला पाहिजे. मी चुकताच कामा नये. आठवडाभर स्वतःच्या बोलण्यातले 'च' मोजून वहीत लिहा. मी लिहिले होते, मंगळवारपर्यंतच पान भरलं.

ज्या गोष्टी तुम्ही मागून घ्यायच्या

यांना पुस्तकात तत्त्वं म्हणतात. तुमच्या बाजूने बघितलं तर हे तुमचे हक्क आहेत.

गुप्तता सगळ्यात वर. त्याच २०१७ च्या कायद्याच्या २३ व्या कलमात मानसिक आरोग्याच्या उपचारांबाबत गुप्ततेचा हक्क दिलाय. पण गुप्तता शंभर टक्के नसते आणि जो "काळजी करू नका, काहीही असलं तरी कुणाला सांगणार नाही" असं म्हणतो तो एक तर नवखा आहे नाहीतर खोटं बोलतोय. तुमच्या जिवाला धोका असेल, तुमच्यापासून दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल, कोर्टाने मागितलं, किंवा लहान मुलावर लैंगिक अत्याचार होतोय असं कळलं, तर सांगावंच लागतं, शेवटच्या बाबतीत तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने कळवणं बंधनकारकच आहे. हे पहिल्याच दिवशी सांगितलं गेलं पाहिजे. कंपनीने दिलेला काउन्सेलर असेल, शाळेतला असेल, फॅमिली कोर्टातला असेल तर अजून एक प्रश्न विचारा, "रिपोर्ट कुणाकडे जातो आणि त्यात काय लिहिता?" उत्तर कळल्यावर मग बोला.

दुसरं, संमती. कागद वाचून सही, आणि नको वाटलं तर कधीही थांबायचा हक्क. कुणी हाताला धरून आणलं म्हणून बसलेल्या माणसाबरोबर फार काही होत नाही, मी सरळ सांगते की आज गप्पा मारू, परत यायचं का ते तू ठरव.

तिसरं, दुहेरी नातं नको. म्हणजे काउन्सेलर तुमची मामी नको, तुमच्या मुलाची क्लासटीचर नको, तिच्याकडून तुम्ही पॉलिसी घेतलेली नको. यामुळे मी माझ्या भाचीचं काउन्सेलिंग केलं नाही म्हणून बहीण माझ्याशी दोन महिने बोलत नव्हती. पेढे घेते मी, निकालाचे. साडी घेत नाही.

आणि आपल्या आवाक्याबाहेरचं असेल तर पुढे पाठवणं. "हे माझं काम नाही, मी तुम्हाला अमुक डॉक्टरांकडे पाठवते" असं म्हणणारा काउन्सेलर कमी पडला असं समजू नका, तोच चांगला.

मग पळ कधी काढायचा? तीन सिटिंगमध्ये गॅरंटी देणारे. सायकॅट्रिस्टच्या गोळ्या बंद करा म्हणणारे, यांच्यापासून तर आधी पळा, त्या गोळ्या अचानक बंद केल्या तर त्रास होतो आणि त्या बंद करायचा अधिकार फक्त लिहून देणाऱ्याला. मागच्या जन्मात नेणारे. बोटांचे ठसे घेऊन मुलाचं करिअर सांगणारे, ते डीएमआयटी का काय म्हणतात, बोटाच्या रेषांवरून मुलाची बुद्धी कळत नाही, शाळेने कॅम्प ठेवला असला तरी कळत नाही. तुमची जात, तुमचं आंतरजातीय लग्न, तुमचं लग्न न करणं, तुम्हाला मुलगा आवडतो की मुलगी, यावर ज्याच्या चेहऱ्यावर आठी आली तो. "बाईच्या जातीने थोडं सहन करावं लागतं" म्हणणारी. आणि स्वतःच जास्त बोलणारे.

छोट्या छोट्या गोष्टी

सेशन पंचेचाळीस-पन्नास मिनिटांचं असतं, उशिरा आलात तर तेवढं कमी होतं, महत्त्वाचं ते शेवटच्या पाच मिनिटांसाठी ठेवू नका (सगळे ठेवतात, दाराच्या कडीवर हात ठेवून सांगतात, मी पण तेच करायचे). फी माझ्या पाहण्यात पाचशेपासून दोन-अडीच हजारांपर्यंत आहे, परवडत नसेल तर तसं बोला, बरेच जण कमी करतात. मेडिक्लेमबद्दल विचारतात, मानसिक आजारालाही शारीरिक आजारासारखंच विमा संरक्षण द्यावं असं कायद्यात आहे, पण बहुतेक पॉलिसी ॲडमिट झाल्यावरच पैसे देतात, त्यामुळे काउन्सेलिंगची फी खिशातूनच धरून चाला.

पहिल्या सेशननंतर बरं वाटेलच असं नाही, कधी कधी जास्तच वाईट वाटतं, त्या दिवशी संध्याकाळी पाहुणे बोलावू नका. चार-पाच सेशन झाली की दोघांनी मिळून बघायचं की ठरवलेल्या गोष्टीत काही हललं का. नाही हललं तर तोंडावर सांगा, माणूस बदलायचा असेल तर तसंही सांगा, न सांगता गायब होण्यापेक्षा ते बरं, आम्हाला पण कळतं कुठे चुकलं.

ऑनलाइन करायचं तर जागेचा विचार आधी करा. टू बीएचकेत आतल्या खोलीतलं सगळं बाहेर ऐकू येतं. लोक गच्चीवर जातात, पार्किंगमध्ये गाडीत काचा वर करून बसतात, एक जण तर शेतात मोटारीच्या खोलीत बसायचा. हेडफोन लावा आणि तोंड दाराकडे करून बसा म्हणजे कुणी आलं तर दिसतं. परदेशातल्या मराठी लोकांचेही फोन येतात की मराठीतच बोलायचंय, पण अमेरिकेत बहुतेक ठिकाणी क्लायंट ज्या राज्यात बसलाय तिथलं लायसन्स लागतं, म्हणून तिकडेच मराठी किंवा हिंदी येणारं लायसन्सवालं कुणी मिळतंय का ते आधी बघा.

घरी सांगायचं का, हे तुमच्यावर. माझ्या आईला मी दीड वर्षाने सांगितलं.

राहिला पहिला फोन. बहुतेक लोक इथेच अडकतात, नंबर मोबाईलमध्ये 'प्लंबर' म्हणून सेव्ह करून ठेवतात आणि लावत नाहीत. सगळी कहाणी फोनवर सांगायची नसते, म्हणून एवढंच म्हणा: "मला पहिल्यांदाच यायचंय. थोडक्यात, झोपेचा आणि घरच्या ताणाचा प्रश्न आहे. तुम्ही असं काम करता का, तुमचं शिक्षण काय, फी किती, आणि या आठवड्यात कधी वेळ आहे?" दीड मिनिट लागतं. त्यांनी फोन उचलला नाही तर ते बहुधा सेशनमध्ये असतील, मेसेज टाकून ठेवा, मी साधारण सव्वा वाजता जेवायच्या आधी सगळ्यांना परत फोन करते.